चोवीस चित्रांचा एक सेकंद

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

पडद्यावरचा उंदीर मांजराला चकवून बिळात पळतो आणि आपण खो-खो हसतो. त्याचे ते पळणे जेमतेम चार सेकंदांचे असते. पण त्या चार सेकंदांसाठी कोणी किती दिवस पाठ वाकवून बसले होते, हा प्रश्न आपल्या मनाला शिवत नाही. भाकरी खाताना शेतकऱ्याची आठवण व्हावी, असे आपल्याला शाळेत शिकवतात. हलती चित्रे पाहताना ती काढणाऱ्याची आठवण ठेवावी, असे मात्र कोणी शिकविलेले नाही.

ॲनिमेशन हा आता आपल्या जिल्ह्याला परका विषय राहिलेला नाही. ज्याला चित्रकलेची थोडी गोडी आहे आणि ज्याच्या घरी ‘चित्रे काढून पोट भरते का?’ असा प्रश्न विचारला जातो, त्याला हा व्यवसाय म्हणजे दोन्ही प्रश्नांचे एकच उत्तर वाटते. पदवीनंतर ह्या अभ्यासक्रमाला जाण्याचा विचार आमच्या वर्गातल्या काहीजणांच्या मनात आहे. मीही त्यांतलीच एक आहे. म्हणून ह्या कामात माणसे का दमतात, किती दमतात आणि हे दमणे टाळता येते का, ह्याचा मी शोध घेतला. त्यातून जे हाती लागले, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

कामाचे मूळ गणित

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. त्या प्रत्येक चित्राला फ्रेम किंवा चौकट म्हणतात. नट पळत असेल तर कॅमेरा ह्या चौकटी आपोआप टिपतो. परंतु पळणारा उंदीर कागदावर किंवा संगणकावर जन्माला आलेला असेल, तर त्याची प्रत्येक हालचाल माणसाला काढावी लागते. सोयीसाठी एकच चित्र दोन चौकटींना वापरण्याची पद्धत आहे. तरीही सेकंदाला बारा चित्रे लागतातच. म्हणजे एका मिनिटाच्या १,४४० चौकटी आणि त्यांसाठी ७२० चित्रे!

आता एक साधा हिशेब करू. एक चित्र काढायला पाच मिनिटे लागतात, असे समजू. ७२० चित्रांना ३,६०० मिनिटे, म्हणजे ६० तास लागले. वरिष्ठांनी किंवा गिऱ्हाइकाने त्यांतली एकतृतीयांश चित्रे पुन्हा काढायला सांगितली, तर आणखी २० तास. असे ८० तास झाले. रोज ८ तास काम धरले, तर एका पात्राच्या एका मिनिटाला दहा दिवस हवेत. हेच काम ‘सहा दिवसांत द्या’ असे कोणी सांगितले आणि आपण मान डोलावली, तर रोजचे १३ तास २० मिनिटे होतात. त्यांत जेवण नाही, लोकलचा प्रवास नाही आणि आजारपणही नाही. येथे कोणी आळशी नाही की कोणी दुष्टही नाही. केवळ गुणाकार कोणी केलेला नाही.

संगणक आल्यामुळे हे कष्ट संपले, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. संगणक दोन मुख्य स्थितींमधल्या हालचाली भरून देतो, रंगही झटपट भरतो. परंतु त्याच संगणकामुळे चित्रात बदल करणे सोपे झाले आणि बदल सोपा झाला की तो मागणाऱ्याचा हातही सैल होतो. पूर्वी रंगवलेला कागद पुन्हा करायला सांगताना सांगणाऱ्याला दहादा विचार करावा लागे. आता ‘एवढेसेच तर आहे’ असे म्हणून तो मोकळा होतो.

फाळक्यांचे डोळे

ह्या व्यवसायातल्या अतिश्रमाचा आपल्याकडचा पहिला दाखला शोधताना मी थेट दादासाहेब फाळक्यांपाशी येऊन पोहोचले. १९११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांना ह्या कलेचे वेड लागले. मग मिळेल तो चित्रपट पाहायचा, घरी येऊन त्याचा विचार करायचा, प्रयोग करायचे आणि झोपायचे ते नावापुरते, असा क्रम काही महिने चालला. परिणाम असा झाला की, त्यांची दृष्टीच जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर ह्यांच्या वेळेवर झालेल्या उपचारांमुळे आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने ती परत मिळाली. भारतीय चित्रपटाचा जनक पहिला चित्रपट काढण्यापूर्वीच आंधळा होता होता वाचला, ही गोष्ट आपण त्यांच्या जिद्दीचा पुरावा म्हणून सांगतो. ती इशारा म्हणूनही सांगायला हवी.

ह्याच फाळक्यांनी १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्यांनी तिच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडे थोडे चित्रण करीत राहिले. त्यातून बी रुजून रोप वर येण्याची जेमतेम मिनिटभराची फिल्म तयार झाली. ‘अंकुराची वाढ’ ह्या नावाने ती ओळखली जाते. ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. वाटाण्याला कोणी ‘उद्यापर्यंत उगव’ असे सांगू शकत नाही. एका मिनिटाला एक महिना लागणार, हे तेथे आधीच ठरलेले होते आणि म्हणून त्या कामाने कोणाचे डोळे गेले नाहीत. पुढे १९१५ साली फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकटीने सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. भारतातल्या ॲनिमेशनचा आरंभ बहुधा तेथूनच धरतात. तो लघुपट आज उपलब्ध नाही.

ह्या कथेत आणखी एक व्यक्ती आहे. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकल्या. शिवाय कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाकही त्याच सांभाळीत. फाळके एकट्याच्या बळावर उभे राहिले, असे आपण सहज बोलून जातो. एकट्याने कोणीच उभे राहत नाही. ‘एकट्याने केले’ असे म्हटले की, दुसऱ्या कोणाचे तरी श्रम हिशेबातून गळतात.

थकणे निराळे, जळणे निराळे

दिवसभर लावणी करून आलेली बाई थकते. ती जेवते, झोपते आणि सकाळी पुन्हा शेतावर जाते. हा थकवा आहे व तो विश्रांतीने जातो. परंतु दिव्यातले तेल संपल्यावरही वात पेटतीच ठेवली, तर मग वातच जळू लागते. नंतर तेल घातले तरी ती वात पहिल्यासारखी तेवत नाही. इंग्रजीत ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात, ते हेच वात जळणे होय.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर ह्यांनी १९७४ साली हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक ह्यांनी त्याची लक्षणे मोजण्याची पद्धत बसवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची व्याख्या केली. तीत हा आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून निर्माण होणारी अवस्था आहे, असे म्हटले आहे. तिची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती पार संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा तुच्छता येणे आणि काम पूर्वीसारखे न साधणे. कामाच्या ठिकाणचा ताण, हे शब्द महत्त्वाचे आहेत. व्याख्येने दोष माणसाच्या कमकुवत मनावर ठेवलेला नाही.

माझा एक मावसभाऊ मुंबईतल्या एका स्टुडिओत रोटोस्कोपीचे काम करीत असे. चित्रित झालेल्या नटाची बाह्यरेषा चौकटीमागून चौकट गिरवून त्याला मागच्या देखाव्यापासून वेगळे काढायचे, असे हे काम. केसांची एकेक बट गिरवावी लागते. महिनाअखेरीस पहाटेपर्यंत बसणे नेहमीचेच झाले होते. त्याचे मनगट दुखू लागले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. घरच्यांनी तेल चोळले, शेक दिला. पण मला त्याची काळजी वाटली ती निराळ्याच कारणाने. लहानपणी हा मुलगा वहीच्या प्रत्येक समासात होड्या काढायचा. दोन वर्षांनी गणपतीला घरी आला तेव्हा धाकट्या भावाने ‘दादा, एक होडी काढून दे’ म्हणून पाटी पुढे केली. त्याने ती बाजूला सारली व म्हणाला, ‘चित्राचं नाव काढू नकोस.’ मनगट औषधाने बरे झाले. होडीला मात्र वेळ लागला.

शरीराचे म्हणाल तर, मनगटातून जाणारी नस सततच्या एकाच हालचालीने दाबली जाते. पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी वेळा मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. ह्याहून गंभीर गोष्ट २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना ह्यांनी मिळून पुढे आणली. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वरच्या हिशेबातले १३ तास २० मिनिटे सहा दिवस केले, की एकाच आठवड्यात ८० तास भरतात!

शेवटच्या माणसाची रात्र

आता प्रश्न असा की, हे जादा तास येतात कोठून? उत्तरासाठी दूर जायला नको. आपले पेण आणि त्याजवळची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. मूर्ती आधी साच्यातून काढतात, मग ती वाळते, घासून गुळगुळीत होते, रंग चढतो आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी होते. आखणी करणारा हात कसबी लागतो. तेथे रेष चुकली तर सारी मूर्ती वाया. चतुर्थीचा दिवस काही पुढे ढकलता येत नाही. म्हणून साच्यावरचे काम महिनाभर रेंगाळले, तर तो महिना परत मिळत नाही. तो आखणी करणाऱ्याच्या रात्रींतून वसूल होतो.

ॲनिमेशनचे अगदी तसेच आहे. कथा, चित्रकथाफलक, पात्रांची रेखाटने, मुख्य चित्रे, मधली चित्रे, रंग, पार्श्वभूमी आणि शेवटी सर्वांची जुळणी, अशी ही साखळी असते. कथेला मंजुरी द्यायला वरचे लोक दोन महिने लावतात. प्रदर्शनाची तारीख मात्र जाहीर झालेली असते. मग वरचे दोन महिने खालच्याला रात्री जागून भरून काढावे लागतात. जो सर्वांत शेवटी बसलेला असतो तो बहुधा सर्वांत नवा, सर्वांत कमी पगाराचा आणि ‘नाही’ म्हणण्याची सर्वांत कमी हिंमत असलेला असतो.

पेणच्या कारखानदारांनी ह्यावर शोधलेला तोड साधाच आहे. ते चतुर्थीची वाट पाहत बसत नाहीत. काम वर्षभर पसरतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जायच्या म्हणून त्या कितीतरी आधी पूर्ण करतात. काही मूर्ती रंग न देता कच्च्याच बाहेरगावी पाठवतात, म्हणजे रंगाचे काम तेथल्या हातांत वाटले जाते. तेथेही शेवटच्या आठवड्यात जागरणे होतातच. पण वर्षभराचे काम शेवटच्या आठवड्यात येत नाही.

ठरलेली किंमत, न ठरलेले काम

दुसरे कारण पैशाचे आहे. ‘लाइफ ऑफ पाय’ ह्या चित्रपटातला वाघ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातला बहुतेक वाघ संगणकावर घडवलेला होता. हे काम करणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ ह्या अमेरिकन कंपनीच्या शाखा मुंबईत व हैदराबादेतही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये ह्या चित्रपटाला दृश्य-परिणामांसाठी ऑस्कर मिळाले आणि त्याच महिन्यात, काही दिवस आधी, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता! समारंभाच्या ठिकाणाबाहेर कलावंतांनी निदर्शने केली. ह्या व्यवसायात कामाची किंमत आधीच ठरते, पण दुरुस्त्या किती होतील ते ठरत नाही. नफ्याची कड त्या दुरुस्त्यांत झिजते आणि नंतर माणसे झिजतात.

चित्रांची संख्याच कमी करावी, हा उपाय जपानच्या ओसामू तेझुका ह्यांनी केला. १९६३ साली सुरू झालेल्या ‘ॲस्ट्रो बॉय’ ह्या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी सेकंदाला कमी चित्रे वापरली, तीच चित्रे पुन्हा पुन्हा उपयोगात आणली, पात्र स्थिर ठेवून केवळ ओठ हलवले. कलेच्या दृष्टीने हा शहाणपणा होता. परंतु मालिका खर्चाहूनही कमी दरात दिली गेली. हा स्वस्त दर पुढे तेथल्या चित्रकारांना जाचत राहिला, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे चित्रे वाचवली, पण वाचलेला वेळ चित्रकाराच्या पदरात पडला नाही. काम कमी करण्याची युक्ती आणि दर कमी करण्याची सवय, ह्यांत फरक केला पाहिजे.

मग करावे काय?

‘लवकर झोपा, योगासने करा, मन प्रसन्न ठेवा’ असे उपदेश पुष्कळ मिळतात. ते चांगलेच आहेत. वीस मिनिटांनी एकदा वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, तासाभराने उठून मनगटे मोकळी करावीत, ही पथ्ये पाळावीतच. पण १३ तासांच्या दिवसावर प्राणायामाचा उतारा पुरत नाही. खरा उपाय काम स्वीकारण्यापूर्वीचा आहे आणि त्याचे नाव मोजणी.

काम हाती घेताना सेकंद मोजावेत, सेकंदांची चित्रे करावीत, चित्रांचे तास करावेत आणि दुरुस्त्यांसाठी निदान एकतृतीयांश वेळ वर धरावा. आपल्याला एका चित्राला खरोखर किती वेळ लागतो, ह्याची रोज वहीत नोंद ठेवावी. अंदाजाने बोलणाऱ्याला कोणीही दडपू शकते, वही उघडणाऱ्याला दडपणे कठीण जाते. दुरुस्त्या किती वेळा होतील, हे लेखी ठरवावे. आधी कच्च्या रेषांत हालचाल दाखवून ती मान्य करून घ्यावी आणि मगच पक्के काम करावे, म्हणजे बदल स्वस्तात होतो. मुदत कमी असेल तर ‘होत नाही’ असे न म्हणता, ‘सहा दिवसांत एक मिनिट हवे असेल तर दुसरा माणूस द्या, किंवा छत्तीस सेकंद घ्या’ असे म्हणावे. हे उद्धट उत्तर नाही, हा त्रैराशिकाचा हिशेब आहे.

नोकरीला लागताना पगाराबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: काम देण्याच्या आधीच्या महिन्यात रोज किती तास बसावे लागते, साप्ताहिक सुट्टी खरोखर मिळते का, आणि जादा तासांचे पैसे मिळतात का? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट वेतन ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. जादा कामाचे दुप्पट वेतन मात्र त्यातही कायम आहे. आणि एकट्याचा आवाज पुरत नसेल तेथे चौघांनी मिळून बोलावे. १९४१ साली डिस्नेसारख्या बलाढ्य संस्थेतल्या चित्रकारांनी संप केला, तेव्हाच त्यांच्या संघटनेला मान्यता मिळाली.

येथे आमच्यासारख्यांची एक अडचण आहे. ज्यांच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारे आपणच पहिले असतो, त्यांना ‘कामाला नाही म्हणू नये, काम म्हणजे लक्ष्मी’ असे शिकविलेले असते. खुर्चीवर बसून, पंख्याखाली, चित्रे काढण्याचे पैसे मिळतात आणि वर तक्रार करायची, ह्याची लाज वाटते. मलाही ती वाटते. परंतु ज्या घरांतून हे शिकवले गेले, त्या घरांतली माणसे वागतात कशी, हेही पाहावे. होडी समुद्रात लोटण्यापूर्वी तांडेल बर्फ, डिझेल, शिधा आणि माणसे मोजतो. बर्फ चार दिवसांचा असेल तर तो सहाव्या दिवसापर्यंत समुद्रात राहत नाही. लावणीच्या आधी माझे वडील इतक्या गुंठ्यांना इतकी माणसे, असा हिशेब तोंडी मांडतात आणि तो क्वचितच चुकतो. जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीची सरकारी बंदी असते. तेव्हा होड्या ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, आणि दर्या नारळी पौर्णिमेपर्यंत मासळी वाढवत राहतो. त्या दिवसांत कोळ्याला कोणी आळशी म्हणत नाही. ते दिवस धंद्याचाच भाग आहेत, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही कळते.

म्हणजे मोजण्याची विद्या आपल्या घरी होतीच. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनी ती सांभाळली. आपण पदवी घेऊन, संगणकापुढे बसून ती विसरणार असू, तर ह्या शिक्षणाने आपल्याला काय दिले? ॲनिमेशनचा व्यवसाय वाईट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. निर्जीव रेषेत जीव ओतण्यासारखे सुंदर काम दुसरे नसेल. म्हणूनच तेथे जायचे. पण जाताना ब्रश आणि पेन्सिलीबरोबर हिशेबाची वहीही न्यायची. रेषेत ओतायला आपल्या अंगी जीव उरला पाहिजे, आणि तो किती उरला आहे हे मोजायला दुसरे कोणी येणार नाही.